पंगत एक, सोयरीक निराळी

गेल्या आषाढांतली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. बाहेर पावसाची भुरभुर लागलेली. शेजारच्या बीजी छत्री मिटीत आमच्या व्हरांड्यांत आल्या. बीजी म्हणजे आमच्या सावेडीच्या गल्लींतल्या सगळ्या मुलांच्या आजी. वय ऐंशींच्या पुढें गेलेलें. फाळणी झाली तेव्हां त्या सात वर्षांच्या होत्या. रावळपिंडीकडचें घर सोडून, दिल्लीच्या छावणींत कांहीं महिने काढून त्यांचें कुटुंब नगरास आलें तें कायमचें. त्यांचें मराठी आमच्याहून अधिक नगरी आहे. मी मूळची कोंकणांतली, त्यामुळें भाजीवाली माझ्याशीं सांभाळून बोलते. बीजींशीं मात्र ती मोकळेपणानें भांडते.

"वहिनी, हें जरा वाचून द्या," हातांतला कागद पुढें करीत त्या म्हणाल्या. "पोरीनं लिहिलंय. पण त्यांत कांहीं तरी गाळलंय असं मला वाटतं."

कागद इंग्रजींत होता. नातीसाठीं वर पाहिजे, अशी वर्तमानपत्रांत द्यावयाची जाहिरात. मुलगी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर, पुण्यास एका कंपनींत नोकरीला. उंची, वय, पगार, घरचीं माणसें, सारें यथास्थित. वर शीख, केशधारी व निर्व्यसनी असावा एवढीच अपेक्षा. मी सगळें मराठींत सांगितलें. बीजींनीं मान हालविली.

"अरोरा लिहिलेलं नाहीं."

"नाहीं."

"तेवढं घाला. 'शीख'च्या पुढं 'अरोरा'. पोरगी मुद्दाम गाळते."

मी लेखणी उचलली आणि तशीच थांबलें. थांबण्याचें कारण मोठें तात्त्विक वगैरे नव्हतें. त्याच टेबलावर, वर्तमानपत्राच्या घडीखालीं, माझ्या धाकट्या मुलासाठीं दुपारींच भरून ठेवलेला एका वधूवरसूचक मंडळाचा छापील अर्ज होता. त्यांतील 'अपेक्षा' ह्या रकान्यांत माझ्याच अक्षरांत लिहिलें होतें : 'ब्राह्मण. पोटजात कोणतीही चालेल.' हें लिहितांना आपण फार उदार झालों, अशी माझी समजूत होती.

शिखांत जात असते, हेंच आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक नसतें. पगडी, दाढी आणि नांवापुढें 'सिंग' एवढें दिसलें कीं आपलें समाधान होतें. डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठीं लिहिलेल्या, पण मंडळानें बेत रद्द केल्यामुळें न झालेल्या भाषणांत ही गोष्ट मार्मिकपणें टिपलेली आहे. शिखाला तूं कोण म्हणून विचारलें तर तो 'शीख' असें सांगतो आणि विचारणाऱ्याला तेवढें पुरतें. हिंदूची ओळख मात्र जात कळल्यावांचून पुरी होत नाहीं, असा तेथील आशय आहे. परक्याच्या दृष्टीनें हें खरेंच आहे. घरच्यांच्या दृष्टीनें, आणि तेंही लग्नाचा विषय निघाल्यावर, तें तितकेंसें खरें राहत नाहीं.

वास्तविक जातिभेदावर घाव घालण्याची युक्ति ह्या धर्मानें किती साधी काढली! गुरु नानकांच्या (१४६९–१५३९) परंपरेनें वादविवादाचे मोठाले ग्रंथ रचले नाहींत, पंगत मांडली. लंगरांत जो येईल त्यानें एका ओळींत, जमिनीवर, शेजारीं कोण आहे हें न पाहतां बसून जेवावयाचें. १६०४ सालीं गुरु अर्जुनदेवांनीं जो आदिग्रंथ सिद्ध केला त्यांत कबीर विणकर, रविदास चर्मकार, सेना न्हावी, धन्ना जाट ह्यांच्या वाणीला गुरूंच्या वाणीशेजारीं जागा मिळाली. आमच्या नामदेव शिंप्याचीं तर एकसष्ट पदें त्या ग्रंथांत आहेत. (त्यांच्याच नात्यानें २०१५ सालीं मराठी साहित्यसंमेलन पंजाबांतील घुमान येथें भरलें होतें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल.) पुढें १६९९ च्या वैशाखींत आनंदपुरास गुरु गोविंदसिंगांनीं खालसा स्थापन केला, तेव्हां मस्तक द्यावयास जे पांच जण उठले ते कोण कोण होते पाहा : लाहोरचा दयाराम खत्री, हस्तिनापूरचा धर्मदास जाट, जगन्नाथपुरीचा हिंमत पाणक्या, द्वारकेचा मोहकमचंद शिंपी आणि आपल्या शेजारच्या बिदरचा साहिबचंद न्हावी. पांचांनीं एकाच पात्रांतून अमृत घेतलें. आडनांवांतून जात डोकावते म्हणून पुरुषांना 'सिंग' आणि स्त्रियांना 'कौर' अशीं सरसकट नांवें मिळालीं.

त्या पांचांतला पहिला, भाई दयासिंग, आमच्या नगरास येऊन गेलेला आहे. गुरूंनीं औरंगजेबास फारसींत लिहिलेलें 'जफरनामा' हें पत्र घेऊन तो दक्षिणेंत आला आणि नगरच्या छावणींत तें बादशहाकडे पोंचलें, अशी शीख परंपरा आहे. १७०७ सालीं बादशहा येथेंच, भिंगारच्या बाजूस मेला. आपण नगरकर औरंगजेबाचें ठिकाण पाहुण्यांना दाखवितों. ज्या खत्र्यानें न्हाव्याशेजारीं बसून अमृत घेतलें त्याचें नांव मात्र मला येथें पंचवीस वर्षें राहिल्यावर बीजींच्या तोंडून कळलें.

पंगतीपुरतें बोलावयाचें तर ही परंपरा आजही जिती आहे. २०२० च्या टाळेबंदींत शीख, पंजाबी व सिंधी मंडळींनीं नगरांत 'घर घर लंगर सेवा' चालविली, तेव्हां बीजी ऐंशीच्या घरांत असतांना रोज सकाळीं कांदे चिरीत बसत. डबे कोणत्या वस्तींत जातात ह्याची चौकशी त्यांनीं एकदांही केली नाहीं. तरी पंगतसुद्धां सहजासहजीं पदरांत पडलेली नव्हती. ऑक्टोबर १९२० मध्यें अमृतसरच्या हरमंदिरांत, 'अस्पृश्य' मानलेल्या जातींतून नुकतेच दीक्षित झालेले लोक कडाह प्रसाद घेऊन आले, तेव्हां तेथील पुजाऱ्यांनीं तो स्वीकारण्याचें नाकारलें होतें. त्या दिवसाच्या झगड्यांतूनच पुढच्या महिन्यांत शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समिति उभी राहिली. रोटीचा प्रश्न असा सुटला. बेटीचा राहिला.

तो कसा राहिला हें पाहावयाचें असेल तर पंजाबी वर्तमानपत्रांचें विवाहविषयक पान उघडावें. तेथें मथळेच जातवार असतात : जाट शीख, खत्री, अरोरा, रामगढिया, सैनी, मजहबी, रामदासी. (ह्या रामदासींचा आपल्या समर्थांशीं कांहीं संबंध नाहीं, नांव चौथे गुरु रामदास यांच्यावरून आहे.) दहाही गुरु खत्री कुळांत जन्मले — बेदी, त्रेहण, भल्ला, सोढी — आणि त्यांच्या घरच्या सोयरिकीही खत्र्यांतच झाल्या, हें इतिहासकारांनीं नमूद केलें आहे. खत्र्यांतही पुन्हां 'अडीच घर', 'चार घर', 'बारा घर' आणि 'बुंजाही' म्हणजे बावन्न कुळांचे अशा पायऱ्या. वरच्यानें खालच्याची मुलगी करावी, पण आपली खालीं देऊं नये, असा जुना दंडक. आपल्याकडील शहाण्णव कुळींचा अभिमान ज्यांनीं जवळून पाहिला आहे त्यांना हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

जाटांची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. शास्त्रीबोवांच्या चौकटींत जाटाला वरची जागा कधींच नव्हती. पण पंजाबांत जमीन त्याची, आणि अठराव्या शतकापासून तलवारही पुष्कळशी त्याचीच. संख्येनेंही तो मोठा. त्यामुळें शीख समाजांत तो सर्वांच्या वर जाऊन बसला. ब्राह्मणाला वगळून जो समाज उभा राहिला त्यांत जात मोडली नाहीं; तिची उतरंड तेवढी नव्यानें रचली गेली. जाटांच्या सोयरिकींत 'किल्ले किती?' हा पहिला प्रश्न. किल्ला म्हणजे एकर. मग गोत पाहावयाचें : बापाचें, आईचें आणि दोन्हीं आज्यांचें टाळून. आपलें सगोत्र-सपिंड प्रकरण त्यांच्या मानानें सुटसुटीतच म्हणावें लागेल.

सुतार, लोहार, गवंडी ह्या जातींनीं जस्सासिंग रामगढिया ह्या अठराव्या शतकांतील सरदाराचें नांव धारण केलें. कलालांनीं त्याच्याच समकालीन जस्सासिंग अहलुवालियाचें. पुढें पूर्व आफ्रिकेंत रेल्वे बांधावयास जे कारागीर गेले त्यांत रामगढियांचा भरणा मोठा होता. त्यांनीं तेथें पैसा मिळविला, विद्या मिळविली, आणि मग नैरोबीपासून लंडनपर्यंत स्वतःचे गुरुद्वारे बांधले. स्वतःचे कां, हा प्रश्न कोणीही विचारील. मजहबींचें तर काय सांगावें! १६७५ सालीं दिल्लींत नववे गुरु तेगबहादुर यांचा शिरच्छेद झाला, तेव्हां जीव धोक्यांत घालून तें मस्तक आनंदपुरास आणणारा भाई जैता ह्याच समाजांतला. त्याची स्तुति प्रत्येक गुरुद्वाऱ्यांत होते. मजहबी मुलीला मागणी घालणारें जाट घर मात्र शोधावें लागतें. आणि पंजाबच्या कित्येक खेड्यांत गुरुद्वारे व स्मशानभूमीसुद्धां जातवार निराळ्या आहेत. आपल्या नगरास लष्कराची मोठी वसाहत आहे, म्हणून हेंही सांगून टाकतें : शीख रेजिमेंट ही मुख्यतः जाटांची, आणि शीख लाइट इन्फंट्री मजहबी व रामदासी शिखांची, ही वांटणी इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली आहे.

ग्रंथांत काय लिहिलें आहे? तेंही बीजींना मी विचारलें. त्यांना तोंडपाठ होतें. १९४५ सालीं शिरोमणि समितीनें संमत केलेल्या 'रहत मर्यादे'प्रमाणें शीख स्त्रीपुरुषांनीं जातगोताचा विचार न करतां विवाह करावा. मुलगी शिखाच्याच घरीं द्यावी. आणि लग्नाच्या दिवसासाठीं पत्रिका पाहणें हें मनमत, म्हणजे गुरूंच्या शिकवणीविरुद्ध. शेवटचें कलम बीजींच्या घरीं कडक पाळलें जातें. मधलेंही. पहिल्याविषयीं त्या म्हणाल्या, "तें लिहिलेलं आहे, वहिनी."

येथें थोडें मागें जावें लागेल. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत पुष्कळ शिखांचीं लग्नें ब्राह्मण पुरोहितच होमाभोंवतीं फेरे घालून लावीत असे. नामधारी पंथाच्या गुरु रामसिंगांनीं १८६३ पासून भटजींना फाटा देऊन लग्न लावण्याची 'आनंद' पद्धति नेटानें चालविली; दहाच वर्षांनीं, डिसेंबर १८७३ मध्यें, इकडे पुण्यास जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानें पुरोहितावांचून पहिलें लग्न लावलें. दोन्हीं चळवळींना एकमेकींची गंधवार्ता असेल असें वाटत नाहीं, इतक्या त्या दूर होत्या. १९०९ च्या आनंद विवाह कायद्यानें शिखांच्या पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली. नोंदणीची तरतूद त्यांत होण्यास २०१२ साल उजाडावें लागलें. ह्या लग्नांतून ब्राह्मण गेला, मंत्र गेले, मुहूर्त गेला, खर्च उतरला. वधूवरांच्या जाती मात्र दोन्हींकडे बहुशः पूर्वीच्याच राहिल्या. जातिभेदाचें सारें खापर आमच्या पोथीवर फोडतात, अशी तक्रार आपल्या घरांतून पुष्कळदां ऐकूं येते. ह्या दाखल्यानें कोणास समाधान होणार असेल तर त्यानें घाई करूं नये. जात पोथींत नसून सोयरिकींत राहते, इतकेंच ह्यावरून सिद्ध होतें, आणि सोयरिकी तर आपण सगळेच करतों.

आंबेडकरांच्या त्या भाषणाचा मुख्य रोख हाच होता : सहभोजनानें जात मरत नाहीं, खरा उपाय मिश्रविवाह. त्याच वर्षीं, एप्रिल १९३६ मध्यें, ते अमृतसरास शीख परिषदेला गेले होते. शीख धर्म स्वीकारण्याचा विचार त्यांच्या मनांत त्या काळीं होता. त्या दिवसांची एक खूण म्हणजे मुंबईस माटुंग्याचें १९३७ सालचें खालसा कॉलेज. तो विचार पुढें मागें पडला.

बीजींकडे वळतें. मी लेखणी हातांत घेऊन बसलें होतें आणि एवढें सगळें त्यांना सांगण्याचा मूर्खपणा मीं केला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें.

"लंगरांत मी चाळीस वर्षं रोट्या लाटल्या," त्या म्हणाल्या. "शेजारीं कोण बसलंय, कधी विचारलं नाहीं. पण सत्तेचाळीस सालीं दिल्लीच्या छावणींत आम्हांला पहिली रजई कोणी दिली? बिरादरीनं. नगरांत दुकानाला गाळा कोणी मिळवून दिला? माझ्या मामाच्या सोयऱ्यानं. तो तर हिंदू अरोरा होता. धर्म वेगळा, पण सोयरीक एक. बापूजींच्या खिशांत चार आणे नव्हते, वहिनी. नुसतं आडनांव होतं. पोरीला जिथं देईन तिथं तिचं आडनांव ओळखणारं कोणी असावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं. ज्यांचें सर्व कांहीं एका रात्रींत गेलें त्यांना जात ही विम्यासारखी उपयोगी पडली, हें खोटें नाहीं. हिंदु व शीख खत्री-अरोरांत रोटीबेटीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होता; एकाच घरांतला थोरला मुलगा केशधारी करण्याची चालही कित्येक कुटुंबांत होती. धर्माची भिंत त्यांना ओलांडतां येई. सुताराच्या दारांतला उंबरठा मात्र ओलांडतां येत नसे.

तो उंबरठाच नेमका आड आला होता, आणि तें मला बीजींच्या आधीं कळलें होतें. दिवाळींत मुलगी आली असतां स्वयंपाकघरांत माझ्याजवळ बसून तिनें सांगितलें होतें. त्याच कंपनींतला मुलगा, नांदेडचा, केशधारी, शिकलेला, पगारानें हिच्याहून थोडा वर. रामगढिया. "काकू, बीजींना नांदेड चालेल, पगडी चालेल, पगार चालेल. आडनांव नाहीं चालायचं." म्हणून तिनें हा बेत केला होता. जात न लिहिलेली जाहिरात छापून यावी. तिला मुलाच्या घरच्यांनीं रीतसर उत्तर धाडावें. मग माणसें पाहून बीजींचें मन वळेल. मला हें ठाऊक असतांना मी 'अरोरा' लिहूं कशी? आणि न लिहूं तरी कशी? म्हातारीनें विश्वासानें कागद हातांत दिला होता.

"जाहिरातींत शब्दाला पैसे पडतात," मी कांहीं तरी बोललें.

"एका शब्दाचे मी देईन."

हें हिशेबाचें बोलणें चाललें असतां त्यांनीं वर्तमानपत्राची घडी बाजूला केली. बीजी नगरच्या म्युनिसिपल शाळेंत शिकलेल्या. मराठी झरझर वाचतात. त्यांनीं माझा अर्ज वाचला. 'चालेल' ह्या शब्दापाशीं त्यांचें बोट थांबलें.

आतां स्वतःविषयीं थोडें सांगितलेंच पाहिजे. माझें माहेर कोंकणस्थ, सासर देशस्थ. १९८२ सालीं आमचें लग्न झालें, तेव्हां माझी आजी लग्नाला आली नाहीं. "त्यांच्यांत मामाची मुलगी करतात," एवढाच तिचा आक्षेप. तो तिनें अशा स्वरांत सांगितला कीं जणूं तिकडे माणसें कच्चें मांस खातात. सासूबाईंचें म्हणणें, कोंकणस्थ मुलगी तेल मोजून घालणार. दोघींचेंही थोडेंथोडें खरें ठरलें. वास्तविक १९४९ च्या हिंदु विवाह वैधता कायद्यानें जात, पोटजात किंवा पंथ भिन्न असल्यामुळें हिंदु, शीख वा जैन ह्यांचें परस्परांतील लग्न बेकायदा ठरत नाहीं, हें स्पष्ट झालेलें होतें; १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांनीं असेंच विधेयक मांडलें तेव्हां आपल्याच घरांतून केवढा कल्लोळ उठला होता! कायदा होऊन तेहतीस वर्षें झालीं तरी आजी रुसली. आली ती बारशाला. आज कोंकणस्थ-देशस्थ लग्नाकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. रेघ पुसली गेली असें मला वाटत होतें. ती दोन हात पुढें सरकली होती इतकेंच, आणि नव्या जागीं ती माझ्याच अक्षरांत होती.

आणखी एक गोष्ट. पंजाबांत अलीकडे ही रेघ दुसऱ्याच कारणानें पुसट होऊं लागली आहे. मुलगी 'आयेल्ट्स' ही इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण असली कीं तिच्या परदेशच्या शिक्षणाचा खर्च मुलाकडचे लोक करतात. लग्न लावून ती कॅनडास जाते आणि तिच्या मागोमाग नवरा. अशा जाहिरातींत कधीं कधीं 'जातीचें बंधन नाहीं' असें छापलेलें असतें. म्हणजे संतांना जें साधलें नाहीं तें व्हिसाच्या शिक्क्यानें साधलें! अर्थात् २०२४ मध्यें कॅनडानें पति-पत्नींच्या परवान्यांचे नियम आवळले. आतां तें औदार्य किती टिकतें पाहावें. आपल्याकडे तरी काय, 'अमेरिकास्थित' असें पुढें लागलें कीं मंगळसुद्धां सौम्य होतो.

बीजींनीं अर्ज खालीं ठेवला. रागावल्या नव्हत्या, हंसूं मात्र डोळ्यांत होतें.

"वहिनी, तुम्ही तुमचा शब्द खोडा. मी माझा घालणार नाहीं."

मी लेखणी तशीच धरून बसलें. मुलाला विचारलें पाहिजे, ह्यांना विचारलें पाहिजे, मंडळाचे नियम काय आहेत तें पाहिलें पाहिजे, असें कांहीं तरी पुटपुटलें असेन. बीजी उठल्या, छत्री घेतली, आणि दोन्हीं कागद टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवून गेल्या. रात्रीं ह्यांना सांगितलें तर हे म्हणाले, "म्हातारी वकील व्हायची."

बीजींचा कागद दुसऱ्या दिवशीं मुलगी येऊन घेऊन गेली. जाहिरात श्रावणांत छापून आली, तिनें लिहिली होती तशीच. बीजींनीं ती पाहिली आणि शब्दाविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. नांदेडहून उत्तर आलेलें आहे. दसऱ्याला हजूरसाहेबास मोठा उत्सव असतो. बीजी ह्या वर्षीं तिकडे जाणार आहेत. दर्शनालाच, असें त्या सांगतात. माझा अर्ज अजून कपाटांत आहे. 'ब्राह्मण' हा शब्द मीं पेन्सिलीनें खोडला आहे.